तुमच्या काचेवर माझा भाऊ दिसेल का?

आमच्या घरात सगळ्यांचा ठाम समज आहे की मला मेंदूतलं कळतं. मला काहीही कळत नाही. मी मेंदू कापते. ठाण्याला घोडबंदर रोडवर एक लॅब आहे, तिथे लहान मुलांच्या मेंदूच्या दुर्मीळ आजारांवर संशोधन चालतं. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे तिथे येतात, कधीतरी गेलेल्या मुलाचा, आईबापांनी दिलेला मेंदूही येतो. तुकडा मेणात बसवायचा, मेणाची वडी यंत्रावर लावायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर अलगद उचलायचा आणि रंग द्यायचा. एवढं माझं काम. त्या काचेवर काय दिसतं हे सांगणं मॅडमचं काम. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मुख्य डॉक्टर. हे मी घरी कित्येक वर्षं समजावून सांगतेय, आणि तेवढीच वर्षं आमची आई सगळ्या बिल्डिंगला सांगतेय, "आमची पोरगी मेंदूची डॉक्टर आहे."

त्यामुळे ज्याचं डोकं दुखतं तो आमची बेल वाजवतो. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नवऱ्याला घेऊन आल्या. काकांना विसरायला होतंय म्हणे, जरा बघ ना. मी तेव्हाच ठाण्याहून आलेले, पाय दुखत होते, तोंडावर ताबा राहिला नाही. म्हटलं, "काकू, माझ्याकडे यायचं तर डोकं आधी उघडून आणावं लागतं." तेव्हापासून काकू माझ्याशी जरा जपून बोलतात. आई म्हणते, तुझ्या जिभेला हाड नाही. नाहीच आहे.

तर हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं तोपर्यंत ठीक होतं. मग भाची झाली.

आम्ही कल्याणला खडकपाड्याला राहतो. आई, दादा, वहिनी आणि मी. भाची झाली तेव्हा आम्ही सगळे खुळ्यासारखे खूश होतो. बारशाच्या आधीच तिला झटके सुरू झाले. आधी वाटलं, दचकते. लहान बाळं दचकतातच. मग ते दचकणं थांबेचना, उजवा हात आणि उजवा पाय तालात उडायला लागले, डोळे एका कोपऱ्यात जाऊन अडकायला लागले, तेव्हा दादा तिला दुपट्यासकट उचलून रिक्षात बसला. एमआरआय काढला. तिच्या मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा मोठा निघाला. डॉक्टर म्हणाले, पोटात मेंदू बनत असतानाच या बाजूचं काहीतरी बिघडलंय, असा आजार फार कमी मुलांना होतो. घरी आल्यावर बघते तर आईने देवापुढे साखर ठेवलेली. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "मोठा आहे म्हणाले ना? मग पोर हुशार निघणार."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. पण खरं सांगते, मला तरी कुठे काय कळत होतं? असे मेंदू मी कापलेले होते. काचेवर रंगवलेले होते, गुलाबी आणि जांभळे. पण ज्याच्या डोक्यात तो मेंदू आहे ते पोर दूध कसं पितं, रात्री कसं झोपतं, आपलं बोट धरतं की नाही, यातलं काचेवर काही येत नाही. मला आजार माहीत होता आणि आजारी पोर माहीत नव्हतं. दादा रोज विचारायचा, "तुमच्याकडे अशा केस येतात ना, मग पुढे काय होतं त्यांचं?" आणि मी म्हणायचे, "पुढचं आमच्याकडे येत नाही रे."

औषधं वाढत गेली आणि झटके काही कमी होईनात. पोरगी चार वर्षांची झाली तरी शब्द बोलत नव्हती. एकसुरात काहीतरी गुणगुणायची आणि कुकरची शिट्टी झाली की खदाखदा हसायची. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. डाव्या बाजूचा काही भाग काढायचा आणि उरलेल्याचा उजव्या बाजूशी असलेला संबंध तोडून टाकायचा. दादा म्हणाला, "म्हणजे अर्धा मेंदू बंद करणार? मग राहणार काय तिच्याकडे?" डॉक्टर म्हणाले, चांगला अर्धा राहणार, आणि बिघडलेल्याने त्रास द्यायचं थांबवलं की तो शिकायला मोकळा होईल. अर्धं काढून टाकलं की जास्त मिळतं, हा हिशेब घरात कोणाच्याही पचनी पडला नाही. माझ्याही नाही. पण झटके डोळ्यांनी बघवत नव्हते, म्हणून आम्ही हो म्हटलं.

आणि झटके थांबले. एकदम थांबले. पहिले काही दिवस आम्ही चौघं आळीपाळीने तिच्याकडे टक लावून बघत बसायचो, आता येईल, मग येईल. आलाच नाही. तिचा उजवा हात मात्र मुठीसारखा राहिला. सगळं ती डाव्या हाताने करायला लागली. वहिनी म्हणायची, "माझी डावखुरी," आणि तिचे पापे घ्यायची.

ऑपरेशनची ही धावपळ चाललेली असतानाच वहिनीला दिवस गेले. ठरवून नव्हतं. कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता खरी पंचाईत पुढे होती. डॉक्टरांनी सांगितलं की हा बिघाड आईबापाच्या रक्तातून आला असेल तर पुढच्या बाळालाही होऊ शकतो, आणि नसेल आला तर भीतीचं कारण नाही. ते कळायला पोरीचं रक्त, दोघांचं रक्त आणि ऑपरेशनमध्ये काढलेला मेंदूचा तुकडा, सगळंच तपासावं लागेल. त्या रात्री जेवताना वहिनीने पानातला भात बाजूला सारला आणि म्हणाली, "रक्तातलं निघालं तर मी हे मूल ठेवणार नाही. मी परत त्यातून जाणार नाही. आणि मला समजवायला कोणी यायचं नाही." दादा मान खाली घालून बसला. आई आमटी वाढायला उठली, सगळ्यांच्या वाट्या भरलेल्याच होत्या. तिसरा महिना संपत आलेला, म्हणजे काय ठरवायचं ते लवकर ठरवायला हवं होतं.

आणि तो तुकडा कुठे गेला? आमच्याच लॅबमध्ये. मुंबईच्या ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, तिथून अशा केस आमच्याकडेच येतात. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "तुझ्या घरचं आहे. तू हात लावायचा नाहीस, चौकशी करायची नाहीस. मी नंबर बदलून दिलाय." आमच्याकडे नाव नसतंच, वडीवर फक्त नंबर असतो. मॅडमचं म्हणणं एकदम बरोबर होतं. तरी मला इतका राग आला की मी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिले.

कारण त्याचा परिणाम उलटाच झाला. कोणता तुकडा तिचा हे माहीत असतं तर मी तेवढा सोडून बाकीचे निवांत कापले असते. आता त्या काळात जो जो मेंदू माझ्या हाताखालून गेला तो मला आमच्या पोरीचाच वाटायला लागला. मेंदूच्या सालीत पेशी थरांनी बसलेल्या असतात, एकावर एक, नीट. या आजारात थर नसतात, पेशी नको तिथे, नको तेवढ्या मोठ्या. एवढं मला बघून बघून ओळखता येतं. एखाद्या काचेवर तसा गोंधळ दिसला की मनात यायचं, ही तीच. दुसऱ्या काचेवर दिसला की, नाही, ही. मग वाटायचं, अगं, तुला मॅडमनी तिचं काम दिलेलंच नाही. मग वाटायचं, नंबर बदलताना चुकून आपल्याकडे आला असेल तर? डोक्याचं पार भजं झालेलं.

घरी वेगळाच तमाशा. आईचं मत ठरलेलं होतं की सगळ्याला कारण भेंडी. पहिल्या खेपेला पोटुशी असताना ग्रहणात वहिनीने भेंडी चिरलेली. वहिनीचं माहेर आंबिवलीला, तिकडे हे असलं फार पाळत नाहीत, आणि दादाला डब्यात भेंडी हवी होती. आईने तेव्हा पाहिलं, काही बोलली नाही, आणि पोरीला पहिला झटका आला त्या दिवसापासून आजपर्यंत बोलत आली. भांडताना नाही हां, अगदी सहज, भाजीवाल्याकडे भेंडी दिसली तरी एक सुस्कारा. मी चिडायचे. म्हणायचे, "आई, भेंडी चिरून मेंदू मोठा होत असता तर सगळ्या कल्याणचा झाला असता." वहिनी मात्र कधी उलटून बोलली नाही. एकदा गच्चीत कपडे काढताना मला म्हणाली, "चिरली होती गं मी. हे तर खरं आहे ना?" शिकलेली बाई, बँकेत काम करणारी. 

आधी रक्ताचे रिपोर्ट आले, तेवढे मॅडमनी मला सांगितले. तिघांच्याही रक्तात काही सापडलं नाही.

मला वाटलं, झालं, सुटलो. फोन करून दादाला सांगितलं, तो म्हणाला, "मग आता काय?" तेच मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आत्ता काहीच म्हणू नकोस. रक्तात सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं. आपण ज्या जागा बघितल्या तिथे नाही, एवढंच. तुकड्याचा रिपोर्ट येऊ दे." मी घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं. दादा म्हणाला, "नाही म्हणजे नाही ना?" मी म्हटलं, "नाही म्हणजे माहीत नाही." वहिनी म्हणाली, "मग एवढं रक्त कशाला घेतलं?" आईने मधेच विचारलं, "रक्त चांगलं असेल तर मग दुसरंच काहीतरी असेल ना?" आणि भेंडीची भाजी नसताना सुस्कारा टाकला. कोणाला काही कळत नव्हतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते, मेंदूच्या डॉक्टरकडे.

आणि त्याच आठवड्यात पेढे झाले.

आमच्याकडे काचा रंगवायला एक बाई आहेत, त्यांच्या मुलीला दहावीला चांगले मार्क पडले. बाईंनी सगळ्या लॅबला पेढे वाटले आणि उरलेला पुडा माझ्या पिशवीत कोंबला, "घरी ने, वहिनीला दे, पोटुशी आहे ती." संध्याकाळी घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेले. लॅबमधून आल्यावर आधी आंघोळ, हा माझा नेम आहे. तुकडे टिकवायच्या फॉर्मॅलिनचा वास केसांत बसतो आणि मी तशीच जवळ गेले तर भाची शिंकते.

बाहेर येऊन बघते तर आमच्या दारात चपलांचा ढीग. आत बिल्डिंगमधल्या बायका, पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच काकू, हातात नारळ. "अभिनंदन हो, बाई, देव पावला!" म्हटलं, "कोणाचं अभिनंदन?" त्या म्हणाल्या, "आता लपवतेस काय? आई येऊन पेढे देऊन गेली सगळ्यांना. रिपोर्ट चांगला आला ना!"

 आईने डबा काढायला पिशवी उघडलेली, आत पेढे. लॅबमधून आलेले पेढे. त्याचा दुसरा काय अर्थ होणार? मला विचारायला थांबायचं तिला सुचलंच नाही, पुडा घेतला आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. आणि वहिनी पलंगावर भाचीला मांडीवर घेऊन बसलेली, एका हातात अर्धा खाल्लेला पेढा, आणि रडत होती. आनंदाने. पोरीच्याही ओठांना पेढा लावलेला. इतक्या वर्षांत मी वहिनीला तशी रडताना बघितली नव्हती.

सगळ्यांना मी कसंबसं घालवलं. दार लावलं. आणि सांगितलं की पेढे दहावीचे आहेत.

वहिनीने उरलेला पेढा वाटीत ठेवला.  मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे मेंदू कापता कापता पेढे वाटतात?" मी म्हटलं, "वहिनी, माझी काय चूक गं?" ती म्हणाली, "नाही, तुझी नाही. कोणाचीच नाही. तू जा, जेव." आणि भाचीचं तोंड पुसायला घेतलं. ती पुसत राहिली, ओठ स्वच्छ झाले तरी पुसत राहिली. मला आईचा इतका संताप आला की मी ताट न घेताच आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी दादा-वहिनी पोरीला फिजिओथेरपीला घेऊन गेलेले. आई स्वयंपाकघरात खाली बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी समोर बसले, कारण भांडायचंच होतं. म्हटलं, "आई, विचारायला काय झालेलं तुला? एवढी कसली घाई?"

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "मला ते खरं व्हायला हवं होतं गो."

"सगळ्यांनाच हवं होतं."

"तसं नाही." तिने हातातला वाल खाली ठेवला. "माझ्या भावाला फेफरं यायचं."

आईचं माहेर खडवलीच्या पलीकडचं गाव. तिचे दोन भाऊ, दोन्ही मामांना मी ओळखते. म्हटलं, "कोणत्या मामाला?" तर म्हणाली, यांच्यातल्या कोणालाच नाही, सर्वांत मोठा एक होता. तो बोलायचा नाही. त्याला पाहुणे आले की मागच्या खोलीत ठेवायचे. फेफरं आलं की चप्पल हुंगायला द्यायचे. आईचं लग्न ठरवायला माणसं आली तेव्हा त्याला शेतावरच्या झोपडीत नेऊन ठेवलेला. लग्नानंतर दोन पावसाळे गेले आणि तो वारला. तिने आमच्या बाबांना ते जाईपर्यंत सांगितलं नाही. आम्हाला नाही. कोणालाच नाही. मी या बाईच्या पोटची, जन्मभर तिच्याच घरात राहिलेली, आणि मला आणखी एक मामा होता हे मला माहीत नव्हतं.

"मग तू एवढी वर्षं वहिनीला भेंडीवरून बोलतेस ती?" माझा आवाज चढला.

"काहीतरी बोलायला लागतं ना," आई म्हणाली. "नाहीतर लोकांनी शोधलं असतं." मग माझ्याकडे बघून एकदम हळू आवाजात विचारलं, "तुमच्या त्या काचेवर माझा भाऊ दिसेल काय गो?"

मी भांडायला आलेले.  म्हटलं, "मला माहीत नाही, आई." हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं होतं, पण इतकं खरं कधीच नव्हतं. मग मी पण वाल सोलायला घेतले. आईवर रागवायचं होतं, तिला जवळही घ्यायचं होतं, आणि दोन्ही जमलं नाही. टोपलं संपेपर्यंत आम्ही सोलत बसलो.

सोमवारी मॅडमना सांगितलं. मॅडमनी दहा गोष्टी विचारल्या. झटके कोणत्या वयात सुरू झाले, एकाच बाजूला यायचे का, तो चालायचा का, कशाने गेला. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं झालं. पण घरात बाकीच्यांनाही माहीत हवं. ही त्यांचीही माहिती आहे." मी आईला तसं सांगितलं. मला वाटलेलं ती कानावर हात ठेवेल. पण संध्याकाळी दादा-वहिनी चहा पीत असताना ती स्वतः येऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली, पदराचं टोक मुठीत धरून.

दादाने कप खाली ठेवला. "एवढं लपवलंस? आमच्यापासून?" त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता वहिनीचा स्फोट होणार, आणि झाला असता तर मी तिच्याच बाजूने उभी राहिले असते. पण ती आईकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. विचित्र हसू होतं, मला ऐकवेना. "म्हणजे भेंडी माझी आणि भाऊ तुमचा," ती म्हणाली. "बसा आता इथे. दोघी मिळून वाट बघू." आणि खरंच आई तिच्या शेजारी जाऊन बसली. माफ केलं की नाही केलं, मला आजवर कळलेलं नाही.

तुकड्याचा रिपोर्ट आला तो मला कळायच्या आत मॅडमनी दादाला फोन केला. मॅडम सहसा कोणाच्या घरच्यांना भेटत नाहीत, पण यावेळी म्हणाल्या, सगळ्यांनी या, मी समोर बसून सांगते. आम्ही ठाण्याला गेलो. मी रोज ज्या दारातून आत जाते त्याच दारातून पाहुण्यासारखी गेले. केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या, दादा उभा राहिला. वहिनीच्या मांडीवर भाची. ती मॅडमच्या टेबलावरची पेन्सिल डाव्या हाताने ओढायला बघत होती. मॅडमनी ती देऊन टाकली.

मॅडम म्हणाल्या, "आम्हाला सापडलं. बिघाड मेंदूच्या तुकड्यात आहे, पण त्यातल्याही सगळ्या पेशींत नाही. काहींत आहे, काहींत नाही. रक्तात अजिबात नाही."

दादा म्हणाला, "एकाच माणसाच्या अंगात दोन प्रकार?"

"हो. मूल पोटात आल्यानंतर, मेंदू बनत असताना, एका पेशीत बारीकशी चूक झाली. त्या पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी झाल्या त्या सगळ्यांत ती उतरली. बाकी अंगाला तिचा पत्ता नाही. लोकर चांगली, सुया चांगल्या, विणणारी चांगली. मधेच एक टाका चुकला आणि त्याच्यावरचा तेवढा भाग तसा विणला गेला. ती चूक तुमच्याकडून आलेली नाही आणि यांच्याकडूनही नाही."

"पण टाका का चुकला?" वहिनीने विचारलं.

"माहीत नाही. इतक्या पेशी इतक्या भराभर बनतात, त्यात होतं असं. तुम्ही काही केलं म्हणून नाही."

"ग्रहणात..."

"नाही," मॅडम म्हणाल्या. वाक्य पुरं व्हायच्या आतच.

 मला वाटलेलं वहिनीच्या डोक्यावरचा दगड उतरेल, पण तिचा चेहरा भांबावल्यासारखा झाला. इतकी वर्षं तिच्याकडे एक कारण होतं, वाईट का असेना, तिचं होतं. ते मॅडमनी एका शब्दात काढून घेतलं आणि जागी काहीच ठेवलं नाही. आईने खुर्चीच्या कडेला सरकून विचारलं, "आणि माझा भाऊ?" मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमच्या भावाला काय होतं ते आज कोणालाच सांगता येणार नाही. पण हे त्याच्याकडून आलेलं नाही." आईने डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे तो यात कुठेच नाही?" तिने दोनदा विचारलं. ते सुटल्याचं रडू होतं की त्याला परत एकदा मागच्या खोलीत ठेवल्याचं, मला उमगलं नाही.

मग दादाने मुद्द्याचं विचारलं. "आणि आता येणारं बाळ?"

"त्याला याची भीती नाही. कुठल्याही बाळाला असते तेवढीच. ठेवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण या भीतीने ठरवू नका."

दादा एकदम मोठ्याने म्हणाला, "म्हणजे असं परत होणार नाही? नक्की? हिच्यासारखं नाही होणार?" मॅडम नाही म्हणाल्या तरी तो परत परत तेच विचारत राहिला, रडत, हसत, "हिच्यासारखं नाही ना होणार?" आईने हात जोडले, "देवा, हिच्यासारखं परत कोणाला देऊ नको रे बाबा." आणि मी, मी काय वेगळी? मला हुंदका आला आणि मी म्हटलं, "वहिनी, सुटलो गं. हे हिच्यासारखं नसणार."

वहिनी हसत नव्हती. तिने भाचीच्या दोन्ही कानांवर आपले दोन्ही तळवे ठेवलेले.

"हळू बोला," ती म्हणाली. "ती इथेच बसलीय."

आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाचीने पेन्सिल मांडीवर टाकली, डाव्या हाताने वहिनीचा एक तळवा कानावरून बाजूला केला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली.